कापसाचा भाव आणि जिनिव्हाचा न्याय

(पिंपळगाव राजा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या खामगावच्या बाजारात या परिसरातला कापूस जातो, त्या बाजाराचा परदेशाशी संबंध आजचा नाही. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा वऱ्हाडची काळी माती इंग्रजांच्या डोळ्यांत भरली. जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा आला तो १८७० साली, आणि तोही प्रामुख्याने कापसासाठी. त्या वेळी भावाची सूत्रे लिव्हरपूलला होती. आज भावावर दाब टाकणारे निर्णय वॉशिंग्टन, जिनिव्हा आणि दिल्ली येथे होतात.

आंतरराष्ट्रीय संस्थांविषयी आपल्या चळवळीला दोन सवयी जडल्या आहेत. सगळ्यांना साम्राज्यवादाच्या एकाच पोत्यात भरावयाचे, ही एक. संयुक्त राष्ट्रांचे नाव निघताच हात जोडावयाचे, ही दुसरी. दोन्हींमुळे अभ्यास टळतो. नाणेनिधी व जागतिक बँक ही १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेची अपत्ये. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते. युद्धकाळात ब्रिटनकडे साचलेल्या आपल्या स्टर्लिंग येण्यांचा काही भाग निधीमार्फत मोकळा व्हावा, ही मागणी तेथे मांडली गेली आणि फेटाळलीही गेली. निधीत मत भागभांडवलाच्या प्रमाणात असते. महत्त्वाच्या फेरफारांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक आहेत. नकाराधिकार म्हणतात तो हाच. बँकेचे २०२३ मध्ये नेमलेले अध्यक्ष अजय बंगा पुण्याच्या खडकीत जन्मले, याचा कोणास अभिमान वाटला तर वाटो. त्यांचे नाव सुचविले ते अमेरिकेच्या अध्यक्षांनी.

याच बँकेने २०१८ मध्ये मंजूर केलेल्या ४२ कोटी डॉलरांच्या कर्जातून बुलढाण्यासह १५ जिल्ह्यांत कृषी संजीवनी प्रकल्प उभा राहिला. शेततळे मिळत असेल तर ते नाकारा, असे कोणी सांगणार नाही. ते कर्ज आहे, देणगी नव्हे, एवढे घेणाऱ्यास ठाऊक असावे.

जागतिक व्यापार संघटनेची घडण निराळी आहे. १ जानेवारी १९९५ रोजी स्थापन झालेल्या या संघटनेत कागदावर तरी प्रत्येक सभासदाचे मत समान आहे. अन्याय आहे तो नियमांच्या हिशेबात. हमीभावातून दिलेले साहाय्य मोजताना आजचा हमीभाव १९८६ ते १९८८ या काळातील गोठविलेल्या संदर्भ किमतीशी ताडून पाहतात. त्यानंतर बियाणे, खत, मजुरी किती वाढली, हे त्या वजाबाकीत धरले जात नाही. विकसनशील देशास उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा. या हिशेबाच्या आधारे अमेरिकेने नोव्हेंबर २०१८ मध्ये भारताच्या कापूस-हमीभावावर आक्षेप नोंदविला. सरकारने प्रत्यक्ष खरेदी केलेला कापूसच मोजावा, ही भारताची भूमिका; सगळे पीक मोजावे, ही अमेरिकेची. जो शेतकरी व्यापाऱ्याला पडत्या भावाने कापूस देऊन घरी येतो, त्यालाही साहाय्य मिळाले असे अमेरिकेचे गणित म्हणते!

आणि हे म्हणणारा देश कोणता? या शतकाच्या आरंभी आपल्या सुमारे २५ हजार कापूस-उत्पादकांना एका हंगामात ३ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम देणारा. त्याविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये संघटनेच्या न्यायमंडळात धाव घेतली. २००५ मध्ये अपिलातही ब्राझील जिंकला; २००९ मध्ये त्याला प्रतिकारात्मक कारवाईची मुभा मिळाली; आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन अमेरिकेने तडजोड केली. अनुदाने पुरती थांबली नाहीत, हे खरे. तरी बलाढ्य प्रतिवादीस पैसे मोजावे लागले, हेही खरे. बेनिन आणि चाड यांसारखे दरिद्री देश त्या खटल्यात त्रयस्थ पक्ष म्हणून उभे राहिले. भारतही त्रयस्थ पक्ष होता. फिर्यादी मात्र झाला नाही.

‘संघटनेतून बाहेर पडा’ ही घोषणा देणाऱ्यांनी ब्राझीलचा हा खटला विसरू नये. नियम वाकडे आहेत, पण नियमच नसतील तर दुबळ्याच्या हाती काय उरते, याचा प्रत्यय येत आहे. अपील मंडळावर नवे सदस्य नेमण्यास अमेरिकेने आडकाठी केली आणि डिसेंबर २०१९ पासून ते मंडळ बंद पडले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच देशाने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली, तेव्हा निर्णायक दाद मागण्यास जागाच उरली नव्हती.

त्याच महिन्यात दिल्लीने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले. माफी आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, पुढे ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली. वेचणीचा आणि विक्रीचा हंगाम नेमका त्यात आला. मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर होता, आणि बंदरातून विनाशुल्क गाठी येत होत्या. ही माफी द्यावी, असे जागतिक व्यापार संघटनेचा कोणताही नियम सांगत नव्हता. नाणेनिधीनेही तशी अट घातलेली नव्हती. गिरणीमालकांची मागणी होती आणि सरकारने ती मान्य केली. तेव्हा तहसील कचेरीवर नेण्याच्या निवेदनात पहिले कलम या शुल्कमाफीचे असावे, संदर्भ किमतीचे दुसरे. आणि कापूस-अनुदानांविरुद्ध भारताने स्वतः फिर्याद का केली नाही, हा प्रश्न खासदारांना लेखी विचारून उत्तरही लेखीच मागावे.