यकृतात दडलेला हिवताप

लिंबायत, डिंडोली, उधन्याहून दवाखाने लवकर बंद करून आलेल्या मित्रहो,

सुरतेच्या नवागामातल्या या संमेलनाचे अध्यक्षपद मला दिलेत, आभारी आहे. अध्यक्षाने संशोधनाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. घेतो, पण थोडक्यात.

हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत कसा शिरतो हे आता बरेच उलगडले आहे. मेरोझोइट, म्हणजे परजीवीचे पेशीत शिरणारे रूप, पेशीला चिकटतो, टोक तिच्याकडे वळवतो, स्वतःचेच एक प्रथिन तिच्या पटलात रोवतो आणि त्यालाच धरून आत सरकतो. पाहुण्याने स्वतःची कडी आणून आपल्या दाराला ठोकावी, तसे. मिनिटभरात काम उरकते. व्हायवॅक्स या जातीच्या परजीवीला पेशीवर डफी प्रतिजन लागते. ते नसलेल्यांना तो सहसा शिवत नाही, हे लुईस मिलर यांनी १९७६ मध्ये दाखवले. त्या प्रतिजनाला धरणारा परजीवीचा नेमका भाग चेतन चिटणीस यांनी मिलर यांच्याबरोबर १९९४ मध्ये दाखवला. पुण्यात तयार होणाऱ्या आर-२१ लशीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शिफारस केली, पण ती फाल्सिपॅरम या दुसऱ्या जातीसाठी. आढावा संपला.

आता माझे गाऱ्हाणे. स्लाईडवर दिसते म्हणून आपण तांबड्या पेशीलाच धरून बसलो आहोत. डासाने सोडलेला परजीवी आधी यकृताच्या पेशीत जातो, आणि व्हायवॅक्सचे काही तिथेच महिनोन्महिने निपचित पडून राहतात. रक्तात त्यांचा पत्ता नसतो. क्लोरोक्विन त्यांना काही करत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन, चौदा दिवस. आपण ते लिहून देतो. गिळतो कोण?

दर संमेलनात वाद होतो: उलटलेला ताप जुनाच की नव्या डासाचा? सुरतेत स्टिफेन्सी डास गच्चीवरच्या टाक्यांत वाढतो, तेव्हा नवाच, असे तरुण मित्र ठासून सांगतात. मी त्यांना नंदुरबारकडच्या लूमवरच्या एका कामगाराची गोष्ट सांगतो. पावसाळ्यात व्हायवॅक्स निघाला. ताप उतरला तसा तो बारा तासांच्या पाळीवर हजर. दिवाळीला गावी गेला तो तिकडेच राहिला, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास हुडहुडी भरली. गाव कोरडे ठणठणीत, आजूबाजूला एकालाही ताप नाही. त्याच्या बायकोने पेटीतून प्रायमाक्विनची पट्टी काढून दाखवली, जवळजवळ भरलेली. माझ्यापुरता वाद तिथेच मिटला. जनुकीय चाचणी केली होती का, असे मला विचारू नका. यकृतातून वेगळ्या ठेवणीचा परजीवीही उठतो, तेव्हा त्या चाचणीनेही भांडण सुटत नाही.

जी-६-पीडी हे विकर कमी असलेल्याच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विनने फुटतात, ही भीती खरी आहे. मग चाचणी करा, लघवी काळपट झाली तर गोळी बंद करून लगेच या असे बजावा. पण या भीतीआड आपला आळस लपवू नका. उपाशीपोटी गोळी घेतली की पोटात कळ येते, आणि पाळीवर जेवणाची वेळ कुणाची धड असते? हे रुग्णाला सांगायला दोन मिनिटे पुरतात. सलाईन लावायला आपल्याकडे तासभर असतो!

उधन्याहून गावची गाडी धरणाऱ्याच्या खिशात राहील अशी, हेच सांगणारी एक चिठ्ठी छापू. गुजराती, मराठी, जमल्यास अहिराणीतही. धुळे-नंदुरबारच्या डॉक्टरांशीही काही ठरवावे लागेल. कसे, ते कार्यकारिणीने पाहावे. पुढचे सत्र लशींवर आहे. वक्त्यांनी तयारीत राहावे, पहिला प्रश्न मी प्रायमाक्विनचाच विचारणार आहे.