‘झेड’ आणि माझ्या मामूंचा ताप

(युवा शिबिरातील भाषण)



काल रात्री ‘झेड’ संपला, दिवे लागले आणि मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “बघ, मी म्हणत नव्हतो? सगळी साजिश असते.” कोण म्हणालं ते मी बघितलं नाही, बघायचंही नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी मीसुद्धा हेच म्हणालो असतो. पण मला वाटतं, सिनेमा नेमकं याच्या उलट सांगतो. आज तेवढंच बोलतो.

आधी खरी गोष्ट सांगतो, कारण सिनेमात देशाचं नाव घेतलेलं नाही. ग्रिगोरिस लांब्राकिस हे ग्रीसचे खासदार, पेशाने डॉक्टर. तरुणपणी लांब उडीतले चॅम्पियन. अण्वस्त्रांच्या विरोधात बोलायचे. एप्रिल १९६३ मध्ये मॅरेथॉन ते अथेन्स अशा शांतता मोर्चावर सरकारने बंदी घातली. बाकीच्यांना पोलिसांनी उचललं. यांना खासदार म्हणून हात लावता येत नव्हता, म्हणून हे एकटेच चालत राहिले. महिनाभराने, २२ मे १९६३ च्या रात्री, थेसालोनिकी शहरात सभेतून बाहेर पडताना एक तीनचाकी टेम्पो त्यांच्या अंगावर आला आणि टेम्पोच्या मागे बसलेल्या माणसाने डोक्यात दंडुका घातला. पाच दिवसांनी ते वारले. आसपास पोलीस भरपूर होते. सरकारी म्हणणं आलं की दारू प्यायलेल्या ड्रायव्हरकडून अपघात झाला.

यावर वासिलिस वासिलिकोस यांनी कादंबरी लिहिली आणि तिच्यावर कोस्ता-गाव्रास यांनी १९६९ मध्ये सिनेमा केला. तोवर ग्रीसमध्ये लष्कराने सत्ता घेतली होती, तिथे शूटिंगचा प्रश्नच नव्हता. मग हा सिनेमा कुठे झाला? अल्जीरियात. फ्रेंचांपासून मोकळा होऊन सात वर्षंही न झालेला देश, बहुसंख्य मुसलमान. तिथले रस्ते ग्रीसचे रस्ते झाले आणि परभाषी चित्रपटाचं ऑस्कर अल्जीरियाच्या नावावर गेलं. संगीत मिकिस थेओदोराकिस यांचं, ते स्वतः त्या काळात ग्रीसमध्ये कैदेत. आपल्याकडे मुस्लिम देश आणि सिनेमा म्हटलं की लोक फक्त बंदीच आठवतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता पहिला प्रसंग आठवा. सिनेमा खुनाने सुरू होत नाही, द्राक्षांनी सुरू होतो. बडे अधिकारी रांगेत बसलेत आणि एकजण त्यांना द्राक्षवेलीवरच्या रोगाबद्दल माहिती देतोय. नाशिक-सांगलीकडचे जे आहेत त्यांना कळेल, ती डावणी. मोरचूद मारायची, कधी मारायची वगैरे. मग जनरल उठतो आणि म्हणतो, असाच रोग समाजालाही लागतो, विचारांचा. त्यावरही फवारणी पाहिजे. सगळे गंभीर चेहऱ्याने ऐकतात. मला काल पुन्हा हसू आलं आणि मग थांबलं. माणसांना कीड, वाळवी, व्हायरस म्हणणारी भाषणं आपण सगळ्यांनी ऐकलेली आहेत.

आणि शेवटी हाच जनरल आरोपी होऊन बाहेर पडतो. पत्रकार विचारतात, तुम्ही स्वतःला ड्रायफस समजता का? तर तो ओरडतो, ड्रायफस दोषीच होता! ड्रायफस म्हणजे फ्रेंच सैन्यातला ज्यू अधिकारी. १८९४ मध्ये खोट्या कागदांवर त्याला देशद्रोही ठरवलं, १९०६ मध्ये निर्दोष ठरवलं. साठ वर्षांनंतरही जनरलला ते मान्य नाही. म्हणजे बघा, या सिनेमात जगभर कट दिसणारा माणूस कोण आहे? खुद्द कट करणारा. ज्यू, कम्युनिस्ट, शांततावादी, सगळे मिळून देश पोखरतायत असं तो मनापासून मानतो. आणि जो खरा कट उघडा पाडतो, त्या तपास दंडाधिकाऱ्याला सुरुवातीला कसलाच कट दिसत नसतो.

तो चष्मेवाला तरुण मला फार आवडतो. हिरो नाहीच तो. मेलेल्या नेत्याच्या विचारांशी त्याला देणंघेणं नाही. ज्याच्यावर हे पात्र बेतलंय ते ख्रिस्तोस सार्टझेटाकिस तेव्हा चौतीस वर्षांचे होते, वडील निमलष्करी पोलीस दलातले अधिकारी. म्हणजे घरातलं वारं उलट्या दिशेचं. सिनेमातला दंडाधिकारी बराच वेळ ‘घटना’ असाच शब्द वापरतो. खून म्हणायला त्याला कागद लागतो. शवविच्छेदन सांगतं की डोक्यावरची जखम पडून झालेली नाही, फटक्याची आहे. तेव्हा तो एक पाऊल पुढे जातो, दोन नाही.

मग ती वाघाची गंमत. टेम्पोवर उडी मारणाऱ्या माणसाचं वर्णन करताना एक गुंड म्हणतो, वाघासारखा चपळ आणि क्रूर. पुढे बडा अधिकारीही तेच शब्द वापरतो. दंडाधिकारी तिथे थांबतो. एकमेकांना ओळखत नाही म्हणणाऱ्या दोघांच्या तोंडी एकच उपमा, शब्दाला शब्द? आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला सर कॉपी अशीच पकडायचे. दोघांचा प्रोग्रॅम बरोबर असेल तर ते काही बोलायचे नाहीत, पण एकाच व्हेरिएबलचं स्पेलिंग दोघांनी सारखंच चुकवलं की संपलं. पुढे नोकरीतही मी हेच केलं. ‘सिस्टमच बेकार आहे’ म्हटल्याने एकही बग सापडत नाही. लॉग उघडून रात्री २ वाजून १४ मिनिटांनी काय झालं ते वाचावं लागतं.

एवढं कळत असूनही मी काय केलं ते सांगतो. एप्रिल २०२०. टीव्हीवर रोज कोरोना आणि तबलीग, भाजीवाल्याला नाव विचारून हाकलत होते. आम्ही भेदरलेलो होतो. घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला की क्वारंटाइनमध्ये नेतात आणि आपल्या लोकांना इंजेक्शन देऊन संपवतात. मी इंजिनिअर, मी तो फॉरवर्ड केला. खाली लिहिलंसुद्धा, ‘काळजी घ्या’. माझ्या मामूंना ताप होता. इंजिनिअर भाच्याने पाठवलंय म्हणजे खरंच असणार, असं म्हणून त्यांनी चार दिवस कोणाला कळू दिलं नाही. मामीने शेवटी शेजाऱ्याच्या रिक्षातून नेलं तेव्हा ऑक्सिजन लावावा लागला. वाचले, अल्हमदुलिल्लाह. अम्मीने मला एवढंच विचारलं, “तुला कोणी सांगितलं होतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोणी म्हणजे कोणीच नाही.

तुम्ही म्हणाल, पण आपल्याविरुद्ध खरंच खोटं पसरवलं जात होतं ना? होतंच. आणि ते खोटं कुठे मोडलं? २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगसाठी आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं असं निकालात लिहिलं. त्यासाठी कोणीतरी व्हिसाचे नियम वाचले, तारखा लावल्या, अर्ज केले. माझ्या फॉरवर्डचा त्यात काडीचा वाटा नव्हता. उलट, खऱ्या तक्रारीशेजारी आपण एक खोटी ठेवली की समोरच्याला दोन्ही एकदम फेकता येतात.

सिनेमातला माझा लाडका भाग शेवटी येतो. एकेक अधिकारी छातीवर पदकं लावून आत येतो, धमकावतो, आणि दंडाधिकारी विचारतो: आडनाव, नाव, व्यवसाय. टाइपरायटर खडखडतो. जाताना प्रत्येकजण रागाच्या भरात चुकीचं, कुलूपबंद दार ओढतो.

तिथेच संपला असता तर बरं झालं असतं. पण पुढची दोन मिनिटं आहेत. प्रत्यक्षात १९६६ च्या निकालात टेम्पोवाल्या दोघांना शिक्षा झाली, पोलीस अधिकारी सुटले. १९६७ मध्ये लष्कर आलं. सार्टझेटाकिस यांना न्यायखात्यातून काढलं, अटक झाली, छळ झाला. बंदी घातलेल्या गोष्टींची यादी पडद्यावर येते, तिच्यात सोफोक्लीस आहे, टॉलस्टॉय आहे, आधुनिक गणित आहे आणि ‘झेड’ हे अक्षर आहे, कारण ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘तो जिवंत आहे’. मग तपास करून मिळालं काय, असा प्रश्न काल रात्री चहाच्या वेळी एका बहिणीने मला विचारला. मी तिला नीट उत्तर देऊ शकलो नाही. एवढं सांगितलं की राजवट पडल्यावर, १९८५ मध्ये, ग्रीसने याच सार्टझेटाकिस यांना राष्ट्राध्यक्ष केलं. ती म्हणाली, “बावीस वर्षं, सर.” बरोबर आहे तिचं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ चा, निकाल १० मे २०२४ चा. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप, तिघे सुटले, आणि सूत्रधारापर्यंत तपास पोहोचला नाही हे कोर्टानेच नोंदवलं. तो कोण, हे मला विचारलंत तर माझ्याही मनात अंदाज आहे. पण इथे माइकवर मी तो बोलणार नाही, कारण माझ्या हातात कागद नाही.

आज रात्री ‘शांघाय’ आहे, दिबाकर बॅनर्जींचा, २०१२ चा. हीच कादंबरी, फक्त भारतात आणलेली, आणि शूटिंग लातूर-बारामतीकडचं, त्यामुळे गल्ल्या ओळखीच्या वाटतील. त्यातल्या व्हिडिओवाल्या पोराकडे लक्ष ठेवा, त्याच्याकडे काय असतं आणि ते तो कसं सांभाळतो. साडेआठला सुरू करू. कालच्यासारखा स्पीकर खरखरला तर मागच्या रांगेने लगेच ओरडावं.