सल्ला कोणत्या पायासाठी?

नावडे परिसरात पायांना उसंत नसते. तळोजा एमआयडीसीत पाळी संपेपर्यंत पाय सेफ्टी बुटात कोंडलेले, आणि आसपासच्या गावांत भातलावणीला गुडघाभर चिखलात. मग बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, टाचांना भेगा पडतात, तळव्याला कुरूप होतं. आजकाल दवाखान्याच्या आधी आपण हे दुखणं मोबाइलला सांगतो, आणि मोबाइल लगेच दहा उपाय समोर ठेवतो.

त्यातले काही चांगले असतात. सकाळी उठल्यावर पहिल्याच पावलाला टाचेत कळ येत असेल, तर पोटरी आणि तळवा ताणण्याचे व्यायाम खरोखर उपयोगी पडतात. पण त्याच्याच शेजारी दुसरा कुणी ठासून सांगतो, ‘तुमचं टाचेचं हाड वाढलंय, तेच काढायला हवं.’ वास्तविक असं वाढलेलं हाड टाच अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एक्स-रेमध्येही दिसतं.

खरा धोका आहे तो मधुमेह असलेल्यांना. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. साखर अनेक वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होऊ लागतात. अशा माणसाने व्हिडिओ पाहून गरम पाण्यात पाय बुडवले, तर पाणी किती कढत आहे हे त्याला कळत नाही. कुरूप ब्लेडने तासलं, औषधी पट्टी लावली किंवा भेगांवर बिब्बा घातला, तर कातडी भाजते, जखम होते. पण दुखत नाही, म्हणून तिच्याकडे लक्षही जात नाही. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिलं होतं: वेदना हरपली की रोजच्या साध्या इजाच पायाचा घात करतात.

म्हणून मोबाइलवर उपाय शोधण्याआधी आपल्या पायाला संवेदना आहे का, ते पाहा. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी सुचवलेली चाचणी घरीही करता येते. मधुमेह असलेल्या व्यक्तीने डोळे मिटावेत. दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करावा, दाबू नये. या सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर घरगुती उपाय थांबवा आणि डॉक्टरांना पाय दाखवा. सगळीकडे कळला, तरी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यायलाच हवेत.

इंटरनेटवरची माहिती पारखण्यासाठी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने 1997 मध्येच चार कसोट्या सांगितल्या होत्या. माहिती कुणी लिहिली? तिला आधार काय? ती देण्यात कुणाचा पैसा किंवा फायदा गुंतला आहे? आणि ती कधीची आहे? मी त्यात पाचवा प्रश्न जोडेन: हा सल्ला कोणत्या पायासाठी आहे? ‘मधुमेह असल्यास हे करू नका’ एवढंही जो सांगत नाही, त्याच्या सल्ल्यावर आपला पाय सोपवू नका. आणि मधुमेह मुळापासून बरा करण्याची हमी देणारी औषधाची जाहिरात दिसली, तर लक्षात ठेवा, अशा जाहिरातींना आपल्याकडे 1954 च्या कायद्याने बंदी आहे.

मधुमेह असताना पायावर फोड किंवा जखम झाली, बोट काळं-निळं पडलं, किंवा एकच पाय सुजून गरम लागू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

माझ्या डॉक्टर मित्रांनाही एक कळकळीची विनंती. साध्या मराठीत, आपल्या नावानिशी आणि तारखेनिशी पायांविषयी लिहा, बोला. लोक शोधायचे थांबणार नाहीत. त्यांच्या हाती खरी माहिती पडावी, ही जबाबदारी आपली आहे.