घोट्याचे बंधन आणि पायांचे स्नायू



इंदूर शहरात खो-खो आणि कबड्डी या खेळांना जुनी परंपरा आहे. २०२३ च्या प्रारंभी मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धांतील कबड्डीचे सामने याच शहरात खेळविले गेले. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा हे बचावपटूच्या पकडीचे आवडते लक्ष्य असते. खो-खोत पळणारा खेळाडू क्षणोक्षणी दिशा बदलतो. दोहोंतही पाय मुरगळण्याचे भय मोठे. म्हणून घोट्यास चिकटपट्टीचे बंधन घालण्याची पद्धत रूढ झाली. परंतु या बंधनाने स्नायू आळशी होतात काय, अशी शंका पालक व क्रीडाशिक्षक वारंवार काढतात.

पाय बहुधा आतल्या बाजूस वळून मुरगळतो आणि घोट्याच्या बाहेरील अस्थिबंध ताणले जातात. त्यास विरोध करणारे स्नायू नडगीच्या बाहेरील अंगाने खाली उतरतात. चालताना टाच टेकली म्हणजे नडगीपुढील स्नायू पाऊल हळुवार खाली आणतो. पुढे बाहेरील स्नायू पावलाचा तोल राखतात आणि पोटरी देहास पुढे लोटते. पळताना जमिनीचा आघात देहभाराच्या दुप्पट-तिपटीपर्यंत जातो. त्यामुळे पाऊल टेकण्यापूर्वीच हे स्नायू ताठ होऊन सज्ज राहतात.

ही सज्जता फार महत्त्वाची आहे. घोटा अकस्मात वळल्यानंतर बाहेरील स्नायू जागा होण्यास सेकंदाचा सुमारे विसावा ते बारावा भाग लागतो, आणि बळ निर्माण होण्यास त्याहून अधिक. तेवढ्यात इजा होऊन गेलेली असते. बंधनाचा खरा उपयोग पाऊल टेकण्याच्या क्षणी ते सरळ ठेवण्यात आहे.

स्नायूंची हालचाल त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून विद्युत्-संकेतांच्या रूपाने मोजता येते. बंधन घालून चालणाऱ्या व पळणाऱ्यांवर अशा मोजण्या झाल्या. काहींत बाहेरील स्नायूंची सक्रियता किंचित घटलेली दिसली, काहींत उल्लेखनीय फरक आढळला नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी व्यक्तींनी आठ आठवडे घोट्याचा पट्टा वापरला. तरीही त्या स्नायूची प्रतिक्रिया मंदावली नाही. पट्टा व चिकटपट्टी एकच नव्हेत, हे खरे. तथापि आळसाची भीती वाजवीपेक्षा अधिक आहे, असे म्हणण्यास हा आधार पुरेसा आहे.

भीती बाळगावयाची ती दुसऱ्याच गोष्टीची. १९६२ मधील एका प्रयोगात अवघ्या दहा मिनिटांच्या जोरदार व्यायामानंतर बंधनाचा सुमारे ४० टक्के आधार ओसरला. म्हणजे सकाळी बांधलेली पट्टी सायंकाळच्या सामन्यापर्यंत केवळ शोभेची उरते! १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या बास्केटबॉलपटूंच्या पाहणीत बंधनाचा लाभ दिसला, आणि तो विशेषतः पूर्वी पाय मुरगळलेल्यांना झाला. घोट्याची तक्रार कधीच नसलेल्या मुलांच्या पट्ट्यांवर शाळेने खर्च करावा की नाही, हे यावरून ठरविता येईल.

मुरगळलेल्या पायाची सूज उतरल्यावर एका पायावर उभे राहणे, टाचा उचलणे, पाऊल बाहेरच्या बाजूस ताणणे हे व्यायाम काही आठवडे नित्य करावे लागतात. पट्टी ते काम करीत नाही. ताज्या सुजेवर खेळण्यासाठी पट्टी आवळू नये. बोटे थंड, निळसर वा बधिर झाल्यास ती तत्काळ काढावी. पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नसतील, तर हाड मोडले असण्याचा संभव असतो. अशा वेळी खेळाडूस क्ष-किरण तपासणीसाठी रुग्णालयात न्यावे.