दाखला, पेपर आणि देवनारचा बाजार

(चेंबूर येथे पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

२००६ साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालात आयआयएमबद्दल एक आकडा आहे. त्या वेळी तिथे शिकणाऱ्यांमध्ये मुसलमान १.३ टक्के होते. हा आकडा आपल्याकडे बऱ्याच भाषणांत येतो आणि ऐकणारे सुस्कारा सोडतात. मला मात्र तो ऐकला की वेगळाच प्रश्न पडतो. फॉर्म किती जणांनी भरला होता? यूपीएससीसाठी हज हाऊसमध्ये वर्ग चालले. नीटसाठी नातेवाईक पैसे जमवतात. एमबीए म्हटलं की घरात एकच वाक्य येतं, ‘ते पैसेवाल्यांचं काम.’

आता जरा आपला नकाशा बघा. गोवंडी स्टेशनवरून चालत जाल इतक्या अंतरावर टिस आहे, १९५४ पासून देवनारला. तिथल्या मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला आता कॅटचे गुण धरतात. पवईची नीटी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. विवेकानंद सोसायटीचं मॅनेजमेंट कॉलेज इथे चेंबूरलाच. चर्चगेटला जमनालाल बजाज, सीएसएमटीजवळ अंजुमनचं अल्लाना. बाहेरगावची मुलं बॅगा भरून जिथे येतात, तिथे आपण लोकलच्या पासावर जाऊ शकतो.

पेपरबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यासाठी पुस्तकं आणि व्हिडिओ भरपूर आहेत. आपल्याला दोन परीक्षा महत्त्वाच्या, कॅट आणि राज्याची एमबीए सीईटी. दोन्हींचा स्वभाव उलटा आहे. सीईटीत २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद, आणि एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. कॅटमध्ये तीन भाग, प्रत्येकाला ४० मिनिटं. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर एक वजा. २०२४ मध्ये ६८ प्रश्न होते आणि सुमारे २.९३ लाख मुलं बसली. ९९ पर्सेंटाइल म्हणजे त्यांतल्या पहिल्या तीनेक हजारांत. पण तिथवर पोचायला एकूण गुणांच्या निम्मेही लागले नाहीत. आपल्या शाळांनी आपल्याला सगळा पेपर सोडवायला शिकवलंय. कॅट मात्र कोणता प्रश्न सोडून द्यायचा ते विचारते. ही सवय मॉक टेस्ट देऊन आणि दुसऱ्या दिवशी तीच टेस्ट पुन्हा उलगडून बघूनच लागते. नुसत्या टेस्ट देत राहिलात तर त्याच चुका पक्क्या होतील.

इंग्रजीची भीती सगळ्यांना आहे, मराठी आणि उर्दू माध्यमवाल्यांना जास्त. कॅटचे उतारे अवघड असतात ते शब्दांमुळे कमी, युक्तिवादामुळे जास्त. लेखक काय म्हणतोय, कुणाला विरोध करतोय, कुठे वळतोय हे पकडायचं असतं. ही पकड मराठीतही कमावता येते. रोज एक अग्रलेख मराठीत वाचा, एक इंग्रजीत, आणि प्रत्येकाचं सार दोन ओळींत लिहा. घरी दखनी किंवा उर्दू, गल्लीत मराठी, कॉलेजात इंग्रजी, असं तुम्ही लहानपणापासून करत आलात. एका भाषेतलं म्हणणं दुसरीत नेणं तुम्हाला नवं नाही.

आता कागदपत्रं. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आपली मुलं पेपरात जेवढी अडत नाहीत तेवढी इथे अडतात.

आयआयएममध्ये धर्मावर आरक्षण नाही. पण नॉन-क्रीमी ओबीसींसाठी २७ टक्के आणि ईडब्ल्यूएससाठी १० टक्के जागा आहेत, आणि या दोन्हींत मुसलमान बसू शकतात. मोमीन, अन्सारी, पिंजारी, तांबोळी, बागवान असे अनेक समाज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुस्लिम ओबीसी चळवळ चालवली ती याचसाठी. तरी वर्गात विचारलं की मुलं म्हणतात, ‘मॅडम, आमची जात शेख.’ अरे, शेख हे आडनाव आहे! अब्बांना विचारा, आजोबा काय काम करत होते, गावात आपल्याला काय म्हणतात. विचारायला लाज वाटते, मला माहीत आहे. आपल्यात जात नाही असं आपण मानतो, पण लग्न जमवताना ती सगळ्यांना बरोबर आठवते.

दुसरी अडचण शाळेच्या दाखल्याची. जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुस्लिम’ किंवा ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. महाराष्ट्रात ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबांचा, चुलत आजोबांचा शाळेचा दाखला, गावच्या जन्ममृत्यूची नोंद, जुनं खरेदीखत. ते मालेगावला, सोलापूरला, कोकणात कुठल्यातरी पेटीत असतं. त्यानंतर दुसऱ्या राज्यातून आलेल्या घराण्यांचा मार्ग वेगळा, त्यांना मूळ राज्यातले कागद बघावे लागतील. शिवाय राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही, आणि कॅटला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्याच्या प्रवेशासाठी जात पडताळणी वेगळी. ज्यांची जात कुठल्याच यादीत नाही, त्यांनी ईडब्ल्यूएसच्या उत्पन्नाच्या आणि मालमत्तेच्या अटी बघाव्यात. या सगळ्याला महिने लागतात. कॅटचा फॉर्म साधारण ऑगस्टमध्ये निघतो आणि परीक्षा नोव्हेंबरअखेर होते. ऑगस्टमध्ये धावपळ करून काही हाती लागत नाही. सेकंड इयरच्या उन्हाळ्यात गावी जाल, तेव्हाच पेटी उघडा.

सीईटीच्या बाजूनं आणखी एक दार आहे. अल्लाना, रिझवी यांसारख्या मुस्लिम अल्पसंख्याक संस्थांमध्ये त्या समाजासाठी राखीव जागा असतात. पण त्या आहेत म्हणून अभ्यास कमी करू नका, तिथेही गुणांवरच रांग लागते.

पैशाचं बोलू. मोठ्या आयआयएमची फी वीस लाखांच्या पुढे आहे. दिल्ली विद्यापीठाच्या एफएमएसची फी त्याच्या एका लहानशा हिश्शाएवढी, आणि तिथेही कॅटच चालते. राज्याचं मौलाना आझाद महामंडळ शैक्षणिक कर्ज देतं. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज देते. व्याजाचा प्रश्न काही घरांत येतोच. त्यावर मी फतवा देणार नाही, ते माझं काम नव्हे. एवढंच सांगते की हे बोलणं अम्मी-अब्बांशी फॉर्म भरण्याआधी करा. हातात प्रवेशपत्र आणि फी भरायला चार दिवस, अशा वेळी घरात वाद निघाला तर जागा जाते. मुलींनो, तुमच्या घरी हॉस्टेलचं बोलणंही तेव्हाच काढा. बऱ्याच आयआयएम निवडीत मुलींना जादा गुण देतात, हे घरी सांगितलं तर बोलणं सोपं जाईल.

शेवटी मुलाखत. आपली मुलं तिथे पत्ता लपवतात. ‘चेंबूर’ म्हणतात आणि गप्प बसतात, गोवंडी, चीता कॅम्प हे शब्द तोंडातून निघत नाहीत. पण तुमच्याकडे सांगायला जे आहे ते त्या खोलीत दुसऱ्या कुणाकडे नसेल. १९७६ मध्ये जनता कॉलनी उठवून चीता कॅम्प वसवला गेला. लोकांनी पुन्हा धंदे कसे उभे केले, उधारी कोणी दिली, पहिली दुकानं कुठली? घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. माहुलला रिफायनऱ्या आहेत, शेजारी आरसीएफ. त्यातली कोणती कंपनी सरकारी, ती काय विकते, हे गेटसमोर राहणाऱ्याला माहीत हवं.

आणि देवनार. बकरी ईदच्या आधी तिथे भरणारा बाजार बघत तुम्ही मोठे झालात. राजस्थानहून ट्रकनं बकरा येतो. वाटेत किती मरतात, चाऱ्याचा खर्च कोण उचलतो, दात बघून भाव कसा ठरतो? पाऊस पडला तर व्यापारी घाईनं का विकतो, आणि शेवटच्या रात्री थांबणाऱ्याला स्वस्त मिळेल की काहीच मिळणार नाही? मागणी, पुरवठा, जोखीम, नाशवंत माल, सगळं एका मैदानात. पुढच्या ईदला मामूंबरोबर जाल तेव्हा वही घेऊन जा. पाच व्यापाऱ्यांना पहिल्या दिवशीचा आणि शेवटच्या दिवशीचा भाव विचारा, मांडून ठेवा. प्राध्यापक त्यावर अर्धा तास विचारत राहतील आणि उत्तरं तुमच्याकडे असतील.

आता प्रश्न घेऊ. ज्यांना आजोबांचा दाखला मिळत नाहीये, त्यांनी आधी पुढे या.