घाट, वाळू आणि गंगेचे वळण
(मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



काशीत गंगा उत्तरवाहिनी होते, तिचे माहात्म्य आपण जाणताच. भूशास्त्राला त्यात नदीचे वळण दिसते. वळणाच्या बाहेरील काठाशी प्रवाह वेगवान असतो व तो काठ खणतो; आतील काठाशी पाणी मंदावते व वाळू टाकते. म्हणून अलीकडे उंच काठावर नगरी आणि पलीकडे वाळवंट. त्या वाळूत हिमालयाचा चुरा आहे. ऊन, हिम व पाऊस खडक फोडतात, हे विदारण. तो चुरा झिजवीत नदी वाहून नेते, हे क्षरण.

आपला काठ टिकला तो चिकणमाती व तीतील चुनखडी कंकर यांच्या बळावर. तथापि पूर ओसरताना काठात मुरलेले पाणी बाहेर रेटा देते आणि माती घसरते. बायजाबाई शिंदे यांनी सुमारे १८३० मध्ये बांधविलेला घाट खचला. शेजारचे रत्नेश्वर मंदिर आजही कललेले आहे. चुनारचा वालुकाश्मही झिजतो: छिद्रांत शिरलेले क्षार स्फटिकरूप होतात व दगडाचे पापुद्रे सुटतात.

अहिल्याबाई होळकर, बायजाबाई, नागपूरकर भोसले यांनी काशीला घाट दिले. झीज थांबत नाही; परंतु सांधे वेळीच भरले, निचरे मोकळे ठेवले, तर ती मंदावते. पूर्वजांचे ऋण फेडण्याचा हा मार्ग आपल्या आवाक्यातील आहे.