हाताचा सौदा होणार नाही



 थेट बोलतो. आपल्या वऱ्हाडात कामावर माणसाचा हात तुटला की त्या हाताचा सौदा दवाखान्यातच उरकला जातो. तो सौदा बंद पाडा, एवढंच सांगायला मी उभा आहे.

कसा होतो हा सौदा, तुम्हाला ठाऊक आहे. अकोल्यात डाळमिलच्या पट्ट्यात, अमरावतीत जिनिंगच्या रोलरमध्ये, सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरच्या तोंडाशी बोटं जातात. टाके ओले असतानाच मुकादम खाटेशी येतो. सोबत गावातला एखादा वजनदार माणूस असतो. मालक बिल भरतो, वर दहा-वीस हजार ठेवतो, आणि ‘चूक माझीच, तक्रार नाही’ अशा कागदावर उरलेल्या हाताचा अंगठा उठवून घेतो. ही उघड लूट आहे.

लूट कशी, त्याचा हिशेब ऐका. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यानं इजेनुसार कमाईची ताकद किती गेली हे ठरवून दिलं: अंगठा 30 टक्के, एका हाताची चार बोटं 50, पूर्ण पंजा 60, दोन्ही हात 100. तीस वर्षांचा, महिन्याला 12,000 मिळवणारा कामगार धरा. मजुरीचे 60 टक्के, त्याला वयाच्या 207.98 या गुणकानं गुणा, आणि त्याचे 30 टक्के काढा. एका अंगठ्याचे साधारण साडेचार लाख होतात. पंजा गेला तर जवळपास नऊ लाख. उपचाराचा खर्च वेगळा. महिनाभरात रक्कम दिली नाही, तर 12 टक्के व्याज. उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. जिथं ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा लागू आहे, तिथं ही जबाबदारी विमा महामंडळाची: बरा होईपर्यंत मजुरीच्या 90 टक्के, आणि अपंगत्व कायमचं असेल तर त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा.

घाईत हात गेला, डोळा लागला, म्हणून हक्क बुडत नाही. ‘तो ठेकेदाराचा माणूस’ म्हणून मूळ मालक सुटत नाही. हक्क सोडल्याचा कागद कायद्यापुढे टिकत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा हक्क सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. कायदा बदलला, आता काही मिळत नाही, असं सांगणारा खोटं बोलतो.

टक्केवारीवरही सगळं संपत नाही. एका सुताराचा डावा हात कापावा लागला, आणि मालक म्हणाला, अपंगत्व अंशतः आहे. डिसेंबर 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की एका हातानं सुतारकाम होत नाही, याची कमाई शंभर टक्के गेली.

जखमी कामगाराला भरपाई मिळावी, ही मागणी आपल्याच मातीतली आहे. 1884 साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्या सभांतून निघालेल्या साडेपाच हजार कामगारांच्या अर्जात रविवारच्या सुट्टीशेजारी हेही मागितलं होतं: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण मजुरी द्या, जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा. त्या गिरण्यांना कापूस आपल्या वऱ्हाडातून जात होता. ज्या मुलखानं कापूस दिला, त्याच मुलखात ही मागणी आजही खाटेवर मोडली जाते.

वावरातला मजूर तर दोनदा नागवला जातो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक हात गेला तर एक लाख, दोन्ही गेले तर दोन लाख मिळतात. पण खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला. थ्रेशरमध्ये माल सारणाऱ्या भूमिहीन बाईच्या नावावर सातबारा नाही, म्हणून तिच्या हाताला तिथं मोल नाही. सरकारनं ही योजना शेतमजुरांना लागू करावी, अशी माझी जाहीर मागणी आहे. आणि त्या बाईला हेही सांगा की यंत्रावरचा शेतमजूर 1923 च्या कायद्याच्या यादीत होताच. 1983 चा धोकादायक यंत्रांचा कायदाही थ्रेशरसाठीच झाला.

कोणी म्हणेल, थ्रेशरवाला स्वतःच कर्जात आहे. मान्य. म्हणून त्यानं मजुरांचा विमा काढावा आणि यंत्राचं तोंड झाकावं. त्याच्या कर्जाचा हप्ता मजुराच्या बोटांनी फेडायचा नाही.

आता साहित्यिक मित्रांनो, तुम्हाला. कापसावर आपण खूप लिहिलं. रोलरमध्ये गेलेला हात आपल्या कथा-कवितांत किती वेळा आला, याचं उत्तर स्वतःला द्या. आणि आपल्यातलेच शिकलेले, मानाचे लोक त्या खाटेशी मध्यस्थ म्हणून बसतात, हे मी इथं तोंडावर सांगतो.

कामगारांनो, दवाखान्यात कोणत्याही कागदावर सही नको, अंगठा नको. हजेरीचा पुरावा, दवाखान्याचे कागद आणि यंत्राचा फोटो जपून ठेवा. दाव्याला मुदत असते. दोन वर्षं उलटू देऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कामगारांना, महिलांना, अपंगांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना वकील फुकट मिळतो. आणि शिकलेल्यांनो, उद्या कोणी मध्यस्थीला बोलावलं तर जरूर जा. पण जखमी माणसाच्या बाजूनं बसा, आणि सोबत वकील घेऊन जा.